पाइपच्या दुकानातला पूर्वपक्ष

"तत्त्वज्ञानात बीए करून शेवटी पाइपच विकायचे होते, तर तीन वर्षं कशाला घालवलीत?" गिऱ्हाईक विचारतं, सोयरे विचारतात, माल उतरवणारा टेम्पोवालाही एकदा विचारून गेला. परवा मुलीच्या ॲडमिशनचं निघालं तेव्हा तुम्हीही विचारलंत आणि मी नेहमीसारखं हसून टाळलं. आज दुकान बंद आहे, म्हणून लिहितो.

धंद्याला उपयोग शून्य. एल्बो आणि टी या पाइपच्या जोडांतला फरक मला वडिलांनी शिकवला.

न्यायदर्शनाचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राचा, एक तास मात्र विसरलो नाही. 'डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतोय' हे अनुमान आम्ही घोकून आलो होतो. सरांनी उलटं विचारलं, "मग जिथे अग्नी तिथे धूर, हेही खरं ना?" सगळे हो म्हणालो. सर म्हणाले, लोहाराकडे जाऊन या. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? धुराला ओलं सरपण लागतं. लोखंड म्हणजे आमच्या घरचा धंदा, आणि मीच हो म्हणालो होतो! तेव्हा वाटलेली लाज अजून पुरते आहे.

न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी; आणि वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची. (मराठीने वितंडवाद जपून ठेवला आणि वाद भांडणाला देऊन टाकला. काय समजायचं ते समजा.) शिवाय आपलं म्हणण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. तेही असं, की ऐकून त्यानेच म्हणावं, "हो, हेच म्हणायचंय मला."

वडील गेल्यावर वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद झालं. वकिलाला द्यायचे मुद्दे काढायला एका रात्री बसलो आणि सवयीने आधी त्याचा पूर्वपक्ष लिहायला घेतला. दुकान मला, शेत त्याला, हे मला सरळ वाटत होतं. त्याच्या बाजूने लिहिताना हात अडला. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं गावी तो राहिला, दवाखान्याच्या खेपा त्याने घातल्या, आणि माझ्या हिशेबात ते कुठेच नव्हतं. कागद वकिलाकडे गेला नाही. भाऊ अजून थोडा घुश्शात आहे, पण दिवाळीला येतो.

हे सगळे खाऊनपिऊन सुखी घरातले चोचले, असं तुम्ही म्हणाल. (हा तुमचा पूर्वपक्ष. बरोबर ना?) पण साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली शिवाजी कॉलेज काढलं, ते 'कमवा आणि शिका' म्हणतच. खोरं हातात घेणाऱ्या पोराला नुसतं खोऱ्याचंच शिक्षण पुरे, असं त्यांनी मानलं नाही. माझ्या बाकावरचा मित्र असाच, सकाळी बागेत काम करून वर्गात यायचा. पायाला माती तशीच, आणि सरांना सगळ्यांत जास्त 'का' त्याचेच. आज तो एसटीत कंडक्टर आहे. गाडी मुक्कामी असली की संध्याकाळी दुकानात येतो, आणि शटर ओढेपर्यंत आमचा वाद चालतो, जुन्या अर्थाने. त्यातला निम्मा जल्पच असतो म्हणा.