चुका पोटात घालणारे आयर्न

गेल्या दिवाळीत माळा आवरताना माझी गोल्फची जुनी बॅग खाली काढली. ग्रिपचे रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या होत्या, पण ब्लेड आयर्नच्या (भरीव, पातळ धातूच्या पात्याच्या स्टिकच्या) पाठी ओल्या फडक्याने पुसताच लख्ख झाल्या. आधी वडिलांचे आजारपण आणि नंतर कोपराचे दुखणे यांमुळे ११ वर्षे माझा खेळ बंद होता. थांबलो तेव्हा माझा हँडिकॅप, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा चांगल्या दिवशी साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, १३ होता. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर पुन्हा उतरलो आणि काही महिन्यांची स्कोअरकार्डे जमा झाली, तेव्हा तो २३ निघाला. त्या आकड्याला साजेसे आयर्न निवडायला मला जवळजवळ पाच महिने लागले. त्या काळात जे समजले, ते माझ्यासारख्या परतून आलेल्या खेळाडूंना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण कोणत्या फटक्यासाठी आयर्न घेतो आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असायला हवे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत आपला निर्देशांक शेवटच्या २० फेऱ्यांमधील सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून काढला जातो. म्हणजे तो आपला चांगला खेळ मोजतो. आयर्न मात्र उरलेल्या १२ फेऱ्यांचा विचार करून घ्यावे लागतात, कारण चेंडू पात्याच्या मध्यावर बसला की जवळजवळ कोणतेही आयर्न चांगले वाटते. परतणाऱ्या खेळाडूची अडचण अशी असते की त्याच्या हातांना तेरा हँडिकॅपचा फटका आठवत असतो आणि दुकानात उभे राहून तो त्या आठवणीसाठी खरेदी करतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी मी घरातली अंगाला लावायची पावडर एका डबीत घेऊन सकाळी सरावाच्या रेंजवर गेलो. जुन्या सात नंबरच्या आयर्नच्या (नंबर जितका मोठा, तितका चेंडू उंच आणि जवळ पडतो) पात्यावर तिचा पातळ थर पसरायचा, फटका मारायचा, चेंडूचा ठसा कुठे उमटला ते वहीत टिपायचे आणि पाते पुसून पुन्हा पावडर लावायची, असे वीस वेळा केले. वीसपैकी पाच ठसे मध्यावर होते. अकरा ठसे टोकाकडे म्हणजे टोच्या बाजूला साधारण अंगठ्याच्या रुंदीइतके सरकलेले होते आणि चार ठसे पात्याच्या अगदी खालच्या कडेला होते. हीलच्या म्हणजे दांड्याकडच्या बाजूला एकही नव्हता. वहीतले ते पान पुढच्या साऱ्या निवडीचा आधार ठरले. आपली चूक कुठे होते हे कळल्याशिवाय कोणते आयर्न ती चूक पोटात घालेल हे ठरवता येत नाही, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

चूक पोटात घालणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे इथे गरजेचे आहे. चेंडू टोकाला लागला की पाते आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. त्यामुळे फटक्याचा काही जोर वाया जातो आणि पात्याची दिशाही बदलते. डोंबारी दोरीवरून चालताना हातात लांब काठी आडवी धरतो, कारण वजन मध्यापासून जितके दूर, तितके त्या वस्तूला फिरवणे अवघड. आयर्नच्या पाठीमागचा भाग पोकळ करून ते धातूचे वजन कडेला, विशेषतः टो आणि हील या दोन टोकांना नेले, की हेच घडते. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी अभियंता कार्स्टन सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना या विचाराकडे वळले. १९५९ मध्ये त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये दोन्ही टोकांना वजन असलेला पटर (चेंडू भोकाकडे हलकेच ढकलायची स्टिक) तयार केला. चेंडू लागताच त्यातून जो आवाज येई, त्यावरून त्यांच्या कंपनीचे नाव पिंग पडले. तेच तत्त्व त्यांनी पुढे आयर्नला लावले, आणि १९८२ चे पिंग आय टू हे आयर्न त्याचे सर्वांत गाजलेले रूप. आज बाजारात कॅव्हिटी बॅक म्हणून जे काही मिळते, त्याच्या मुळाशी हा एवढाच विचार आहे. खाली लागणाऱ्या चार ठशांसाठी मात्र निराळी सोय लागते: वजन जितके तळाशी, तितका पात्याच्या खालच्या भागाला लागलेला चेंडूही हवेत उचलला जातो. विक्रेते ‘फोर्ज्ड’ हा शब्द फार आदराने उच्चारतात, पण घडवलेले की ओतीव, हा धातूच्या प्रक्रियेचा प्रश्न आहे. वजन कुठे ठेवले आहे हे त्यावरून कळत नाही.

लॉफ्टच्या, म्हणजे पाते मागे किती कलले आहे त्या कोनाच्या बाबतीत मात्र माझी जवळजवळ फसगत झाली. शहरातल्या एका दुकानात पडद्यासमोर चटईवरून फटके मारायला दिले आणि एका नव्या सात नंबरने चेंडू १५८ यार्ड गेल्याचा आकडा पडद्यावर आला. माझा जुना सात नंबर चांगला बसला तर १४० यार्ड जातो. विक्रेत्याने तो एकच आकडा पुन्हा पुन्हा दाखवला. आधीचे आणि नंतरचे फटके किती गेले, चेंडू किती उंच उडाला आणि किती कोनातून खाली उतरला, याविषयी तो काहीच बोलला नाही. अनामत ठेवून ती स्टिक दोन दिवस वापरायला आणली आणि मैदानावर नेली. साधारण दीडशे यार्डांवरून मारलेला चेंडू सरळ गेला, ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मध्यावर पडला आणि घरंगळत मागच्या गवतात गेला. पुढच्या ग्रीनवरही तेच झाले. माझी बॅग उचलणाऱ्या अनुभवी कॅडीने ती स्टिक हातात घेतली, जमिनीवर टेकवून पात्याकडे वरून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, सात नंबर म्हणून पाच नंबर दिलाय तुम्हाला.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझ्या जुन्या संचात सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंश आणि पाच नंबरचा २८ अंश आहे, आणि त्या नव्या सात नंबरचा लॉफ्टही २८ अंशच होता. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे अशा पात्याने चेंडू पूर्वीच्या पाच नंबरपेक्षा वर जातो हे मान्य केले पाहिजे, आणि वेगवान स्विंग असलेल्याला ती उंची पुरतही असेल. माझ्या स्विंगच्या वेगाला ती पुरत नव्हती. शिवाय संचाच्या दुसऱ्या टोकाला खड्डा पडतो. त्या संचातली पिचिंग वेज (जवळून उंच मारायची स्टिक) ४३ अंशांची होती आणि माझी सँड वेज ५६ अंशांची आहे. म्हणजे मधे १३ अंशांची दरी, जी जुन्या ४८ अंशांच्या पिचिंग वेजमुळे फक्त ८ अंशांची होती. ती बुजवायला आणखी एक वेज घ्यावी लागते, आणि नियमाप्रमाणे बॅगेत १४ पेक्षा जास्त स्टिक ठेवता येत नाहीत. म्हणून सात नंबर किती लांब जातो हे विचारण्याआधी प्रत्येक नंबरचा लॉफ्ट किती, हे मागून लिहून घ्यावे.

चटईविषयीही सांगितले पाहिजे. स्टिक चेंडूच्या मागे जमिनीला लागली तरी चटईवरून ती घसरत पुढे जाते आणि फटका बरा झाल्यासारखा वाटतो; गवतावर तीच स्टिक मातीत रुतते. पुण्यात हा फरक ऋतूंप्रमाणे बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन भिजून मऊ होते, पात्याला चिखल चिकटतो आणि अरुंद सोलचे (तळाचे) ब्लेड डिव्हॉट म्हणजे गवताची पातळ चकती काढण्याऐवजी खड्डाच खणते. तेव्हा रुंद सोल घसरून पुढे जातो आणि निम्मा फटका तरी वाचवतो. एप्रिल-मेमध्ये जमीन टणक होते आणि फार रुंद, फार बाउन्स (तळाचा फुगवटा) असलेला सोल तिच्यावरून उसळतो. पात्याची धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू जमिनीलगत धावत सुटतो. लवळ्याच्या टेकड्यांमधल्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टच्या मैदानावर उतारावर उभे राहून मारताना हा दोष मला अधिक जाणवला. सर्वांत जाड सोलचे मॉडेल मी याच कारणाने सोडले आणि मध्यम रुंदीचा, मागची कड थोडी घासून गोल केलेला सोल निवडला. इथे वर्षभर खेळणाऱ्याने निर्णय घेण्याआधी एकदा तरी खऱ्या गवतावर मारून पाहावे.

ऑफसेटविषयी थोडक्यात सांगतो. पात्याची धार शाफ्टच्या (दांड्याच्या) रेषेपेक्षा मागे ठेवलेली असली की पाते बंद व्हायला क्षणभर जास्त वेळ मिळतो, त्यामुळे चेंडू उजवीकडे वळवणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूला मदत होते. ज्याचा चेंडू मुळातच डावीकडे जातो, त्याने तो कमीत कमी घ्यावा.

शाफ्टबाबत मन बदलायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जुने शाफ्ट पोलादी, स्टिफ (कमी लवणारे) आणि सुमारे १३० ग्रॅमचे होते. ग्राफाइट म्हणजे उतारवयाची तडजोड अशी समजूत आमच्या काळी पक्की होती, आणि ती चुकीची आहे असे आता मी ठामपणे म्हणतो. ७५ ग्रॅमच्या रेग्युलर (जरा जास्त लवणाऱ्या) ग्राफाइट शाफ्टने मारल्यावर पहिला फरक चेंडूत दिसला नाही, तो माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला जाणवला. टोकाला लागलेल्या फटक्याचा झटका हातात येईपर्यंत बराच ओसरलेला होता. शंभर चेंडू मारून घरी आल्यावर संध्याकाळी बर्फाची पिशवी काढावी लागली नाही. पावडरचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा टोकाकडचे ठसे अकरावरून सातवर आले होते, कारण जड शाफ्ट ओढताना शेवटी हात शरीराकडे आखडत होते, ते बरेच थांबले.

लाय अँगल, म्हणजे पाते टेकवल्यावर दांडा जमिनीशी करतो तो कोन, तपासायला एक मार्कर पेन पुरते. चेंडूवर जाड उभी रेघ काढून ती पात्याच्या बाजूला ठेवायची आणि फटका मारायचा. पात्यावर उमटलेली रेघ उभी असेल तर कोन बरोबर, तिरकी असेल तर चूक. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. तयार संचातल्या पात्याचे टोक माझ्या हातात वर उचलले जात होते आणि त्यामुळे चांगला बसलेला चेंडूही थोडा डावीकडे जात होता. कोन दोन अंशांनी सपाट करून घेतल्यावर रेघ उभी आली. काही ओतीव पाती फार कठीण धातूची असल्याने एखाद-दोन अंशांपलीकडे वाकवता येत नाहीत, म्हणून हे खरेदीपूर्वीच विचारावे.

शेवटी सहा नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचे पाच आयर्न घेतले, तेही दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे, एकाच खेळाडूने वापरलेले. पात्यावरच्या खाचांच्या कडा नखाला अजून टोचत होत्या, यावरून झीज फारशी नाही हे कळले. सात नंबरचा लॉफ्ट ३२ अंश आहे आणि पिचिंग वेज ४६ अंशांची, म्हणजे ५६ अंशांच्या सँड वेजपर्यंत १० अंशांचे अंतर राहते. चार आणि पाच नंबरच्या जागी हायब्रिड (रुंद डोक्याच्या, मारायला सोप्या स्टिक) आहेत, आणि माझ्या हँडिकॅपच्या कोणालाही मी हेच सुचवेन. मध्यावर बसलेला सात नंबर आता १४४ यार्ड जातो, म्हणजे पूर्वीपेक्षा फक्त चार यार्ड जास्त. टोकाला लागलेला मात्र, जो ब्लेडने १२० च्या आसपास पडत असे, तो १३५ पर्यंत पोहोचतो. मागच्या रविवारी एका पार थ्रीवर (तीन फटक्यांत पुऱ्या करायच्या भोकावर) असाच टोकाचा फटका बसला. हाताला कळले की चुकला आहे. समोरचा वाळूचा बंकर ओलांडून चेंडू ग्रीनच्या पुढच्या कडेवर पडला आणि तिथेच थांबला. माझ्या आधी कॅडी पात्याकडे बघत होता.