नावं ठेवणारी माणसं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीत गावी आलो आणि ओसरीवर बसून वनस्पतींची लॅटिन शास्त्रीय नावं घोकत होतो. मोठबाबा वावरातून आले, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "काय मंतर म्हनून राह्यला बे?"

"कापसाचं नाव हाये. गॉसिपियम हिर्सुटम."

"म्हंजे?"

"हिर्सुटम म्हंजे केसाळ."

मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "बराबर हाये. ज्या पऱ्हाटीच्या पानाले लव रायते, तिले तुडतुड्याची कीड कमी लागते." आणि हातपाय धुवायला निघून गेले. दीड वर्ष मी तो शब्द पोपटासारखा म्हणत होतो. त्याचा पानाशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी नावांकडे गावातल्या टोपणनावांसारखं बघायला लागलो. गावात एका नावाचे चार जण निघाले की एक लंबू होतो, एक काळ्या होतो. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली झाडांचं हेच केलं. त्याच्या आधी एकेका झाडाचं नाव म्हणजे वर्णनाचं अख्खं वाक्य असायचं. त्यानं घराणं आणि टोपणनाव असे दोनच शब्द ठेवले. टोपणनाव दिसेल त्यावरून. संत्रा सोलताना सालीच्या आत जी पांढरी जाळी बोटांना लागते, तिच्यावरून तो रेटिक्युलाटा, जाळीदार. काटोल-वरुडकडच्या कोणत्याही पोराला हे नाव एका फोडीत समजेल. तेंदूचं लाकूड आतून काळं, म्हणून मेलॅनॉक्झायलॉन. हा शब्द मुळात ग्रीक, पण लॅटिनच्या घरात असे पाहुणे पुष्कळ. खाजकुयली तर प्रुरिएन्स, म्हणजे खाजणारी. हे नाव ठेवणाऱ्यानं शेंगेला हात लावूनच ठेवलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

पळसाची गंमत वेगळी. आपण त्याची पानं मोजली आणि तीनवर थांबलो. लॅटिनवाल्यांनी शेंग उघडून बिया मोजल्या. चपट्या शेंगेच्या टोकाला एकच पळसपापडी निघाली, म्हणून मोनोस्पर्मा, एकबीजी.

केसांच्या बाबतीत मात्र ही मंडळी फारच बारीक. मऊ बारीक लव असेल तर प्युबेसन्स, राठ केस असतील तर हिर्सुटम, नमद्यासारखा दाट थर असेल तर टोमेंटोसा. आपल्याकडे एवढं वर्गीकरण फक्त सोयरीक बघायला गेलेल्या बायका करतात. कुड्याचं तर मला वाईटच वाटतं. जुन्या पुस्तकांत तो अँटीडिसेंटेरिका, म्हणजे हगवणीवरचा. आमच्याकडे पोट बिघडलं की कुड्याची साल उगाळतात, त्यामुळे नाव कसं अंगाला बसलेलं. नव्या पुस्तकांत तो प्युबेसन्स झाला. गुण गेला आणि लव राहिली! नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल, पण मी अजून जुनंच म्हणतो.

लॅटिनची भीती मराठी माणसानं तर बाळगूच नये. पांढरा, पांढरी, पांढरं. तिकडे आल्बस, आल्बा, आल्बम. विशेषण नामाच्या लिंगामागे चालतं, हे इंग्रजी शाळेतल्या पोराला शिकवावं लागतं, आपण ते आईच्या कडेवर शिकतो. मुळ्याला सटायव्हस, धानाला सटायव्हा, लसणाला सटायव्हम. शब्द एकच, अर्थ पेरलेलं, लागवडीचं. फक्त झाडांशी जरा जपून. रोमन लोकांना झाड म्हटलं की बाईच. फायकस हा शब्द दिसायला पुरुषी, पण पिंपळ फायकस रिलिजिओसा. ज्याची आपण मुंज लावतो तो तिकडे बाई निघतो.

चुकाही आहेत. चिंचेला अरबांनी तमर हिंदी म्हटलं, हिंदचा खजूर. त्याचंच टॅमरिंडस झालं, आणि वर पुन्हा इंडिका जोडलं. दोनदा भारतीय ठरलेलं हे झाड मुळात आफ्रिकेचं. मोहाचं तर आधारकार्डच बिघडलंय: जात लाँगिफोलिया, लांब पानांची, आणि आपल्याकडचा प्रकार लॅटिफोलिया, रुंद पानांचा.

नवी वनस्पती सापडली की तिचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायची सक्ती १९३५ पासून होती. २०१२ पासून इंग्रजी चालतं. नाव मात्र अजून लॅटिनच लागतं.

मी पुढे शेतीच धरली. परवा पोळ्याला मोठबाबांजवळ बसलो होतो. आता त्यांना कमी दिसतं, पण नावं ठेवायची हौस गेलेली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "अन् अशा झाडाले काय म्हनते तुमच्यात?"

"ज्याच्या पानावर एकही केस नाही, ते ग्लॅबर. बाई असली तर ग्लॅब्रा."

"टकल्या म्हन ना सिधं," मोठबाबा म्हणाले.