हत्तीच्या घरी पहिला दिवस
रविवार होता, सुट्टी होती, म्हटलं आज मॅस्टोडॉनवर खातं काढूनच टाकू. हे ट्विटरसारखंच सोशल नेटवर्क, फक्त एका कंपनीऐवजी वेगवेगळ्या लोकांच्या अनेक सर्व्हरवर चालणारं. जुन्या ठिकाणी हल्ली मित्राची एक पोस्ट दिसायची तर मध्ये चार जाहिराती. कंटाळा आला होता.

पहिलाच प्रश्न: सर्व्हर कोणता? इथेच माझा अर्धा तास गेला. मग कळलं की हे ईमेलसारखं आहे. पत्ता कुठलाही घ्या, दुसऱ्या सर्व्हरवरच्यांशी बोलता येतंच. पुढे सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र तिथेच राहतात. भाड्याचं घर बदलताना भिंतीवरचं कपाट मागे राहतं ना, तसं.

मग अ‍ॅप. मॅस्टोडॉनचं स्वतःचं आहेच, पण बाहेरच्यांनी बनवलेलीही कितीतरी. भावाने आयफोनवर आयव्हरी घेतलंय, त्याला पैसे पडतात. माझा अँड्रॉइड, त्यामुळे टस्की. फुकट, ओपन सोर्स, साधंसुधं. मॅस्टोडॉन हा हत्तीचा नामशेष झालेला नातलग, टस्की म्हणजे सुळेवाला, आयव्हरी म्हणजे हस्तिदंत. नावं ठेवणाऱ्यांनी हौस पुरेपूर भागवून घेतलीय!

पोस्टला साधारण 500 अक्षरांची मर्यादा, म्हणजे माझ्यासारख्या पाल्हाळ लावणाऱ्याची पंचाईतच. पण पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात, सगळं वाचून झालं की खरंच संपतं. आज दुपारी तसं झालं आणि दोन मिनिटं काय करावं सुचेना. मग चहा टाकला.

मराठी मंडळी कोणी आहात का तिकडे? पत्ता कळवा.