आमची वाटचाल : न मोजलेली चुनखडी

एक जुना मिक्सर, एक वजनकाटा आणि पोती शिवायचं यंत्र, एवढ्यावर आमचा धंदा सुरू झाला. वाढत्या डुकरांच्या खाद्यात घालायचं खनिज मिश्रण आम्ही बनवत होतो. धाकटा भाऊ मिक्सर सांभाळायचा, मी विक्री. विकताना माझं वाक्य ठरलेलं: "हाडं भक्कम होतील." वराहपालकाला कॅल्शियम कळतं, मँगनीज कळत नाही, हे मला लवकरच उमगलं होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

एक टन खाद्याला आमचं २५ किलो मिश्रण लागायचं. त्यात १० किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही देणारी पावडर), ८ किलो ४०० ग्रॅम चुनखडी पावडर, ३ किलो मीठ आणि झिंक, लोह, तांबं वगैरे सूक्ष्म खनिजं मिळून १ किलो. राहिलेले २ किलो ६०० ग्रॅम म्हणजे कॅरियर, सूक्ष्म खनिजं सगळीकडे सारखी पसरावीत म्हणून घातलेला भराव. पोत्यावर कॅल्शियम २२ टक्के छापलेलं असे.

दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाचा फोन आला. तीस-चाळीस किलोची जनावरं, पायांवर आणि पोटावर जाड खपल्या, मध्येच भेगा, वाढ थांबलेली. खरूज समजून त्यानं दोनदा औषध मारलं होतं, फरक शून्य. पशुवैद्य आले, पाच मिनिटं नुसते उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "खरूज असती तर भिंतीला अंग घासून हैराण झाली असती. ही खाजवतायत कुठे?" मग त्यांनी खाद्याचं सूत्र मागितलं.

ते पॅराकेराटोसिस होतं. झिंक कमी पडल्यानं कातडी अशी होते हे १९५५ साली टकर आणि सॅमन यांनी दाखवून दिलं होतं. म्हणजे आम्हाला जे नवीन होतं ते शास्त्राला जुनंच होतं. पण आमच्या मिश्रणात झिंक होतं की! एक किलो खाद्याला ६० मिलिग्रॅम लागतं, त्यातलं निम्मं मका-सोयापेंडीतून येतं असं धरून उरलेलं निम्मं आम्ही घालत होतो. डॉक्टर म्हणाले, "दाण्यातलं झिंक फायटेटनं, म्हणजे दाण्यात फॉस्फरस साठवून ठेवणाऱ्या घटकानं, धरून ठेवलेलं असतं. त्यात कॅल्शियम वाढलं की ती पकड आणखी घट्ट होते. कॅल्शियम किती आहे ते मोजलंत?"

मोजलं नव्हतं. छापलं होतं.

नमुना प्रयोगशाळेत दिला. आमच्या मिश्रणात कॅल्शियम २२ नव्हे, २६ टक्के निघालं. भावानं आणि मी रात्री बसून सूत्र उलटसुलट केलं तेव्हा उलगडा झाला: कॅरियर म्हणून आम्ही जे वापरत होतो तीही चुनखडी पावडरच होती. स्वस्त, कोरडी, मिसळायला सोपी. तिला आम्ही 'भराव' म्हणत होतो, म्हणून ती हिशेबातच धरली नव्हती. चुनखडीत ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. भराव म्हटल्यानं ते कमी होत नाही.

टनामागे आमचं साडेसहा किलो कॅल्शियम, मका-सोयापेंडीचं साधारण एक किलो. आणि ग्राहकानं "हाडं भक्कम" हे माझं वाक्य मनावर घेऊन वर स्वतःची दहा किलो चुनखडी टाकलेली, तिचे ३ किलो ८०० ग्रॅम. एकूण ११ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे १.१३ टक्के. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१२ च्या तक्त्यात २५ ते ५० किलोच्या डुकराला ०.६६ टक्के कॅल्शियम दिलंय. चूक त्याची मोठी होती, पण त्याला ती शिकवली मीच.

वरची चुनखडी बंद केली, झिंक वाढवलं. तीन-चार आठवड्यांत कातडी साफ झाली. त्या खेपेचे पैसे आम्ही घेतले नाहीत. भाऊ नाराज होता, आणि खरं सांगायचं तर मीही आनंदानं सोडले नाहीत.

तेव्हापासून कॅरियर बदलला आणि चुनखडीची प्रत्येक खेप तपासून घेतो. फॉस्फरसचा हिशेब त्याच ओघात सुधारला. मका-सोयापेंडीतला जवळपास दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि डुकराला तो सोडवता येत नाही. तो सोडवणारं फायटेज एन्झाइम १९९१ पासून खाद्यासाठी बाजारात आहे. आम्ही ते घेतलं खूप उशिरा. कारण सरळ आहे: किलोमागे ५०० युनिट फायटेज घातलं की टनामागे पाच-सहा किलो डीसीपी कमी लागतं, आणि डीसीपी विकूनच आमचं घर चालत होतं! शिवाय डीसीपी कमी केलं की चुनखडीलाही पुन्हा हात लावावा लागतो. कॅल्शियम जास्त झालं की फायटेजचंही काम बिघडतं, फॉस्फरसचंही. एक आकडा हलवला की बाकीचे जागचे उठतात. पोत्याचं वजन घटलं तेव्हा काही जुन्या ग्राहकांना वाटलं, आम्ही माल मारला.

सेलेनियमची भीती मात्र मला आजही वाटते. एक टन खाद्याला ०.३ ग्रॅम सेलेनियम, म्हणजे सोडियम सेलेनाइट पाऊण ग्रॅमही नाही. कमी पडलं तर हृदयावर येतं, जास्त झालं तर विष. ते कधीच थेट मोठ्या मिक्सरमध्ये जात नाही. आधी एका किलोत, मग दहा किलोत, मग पुढे. ही पायरी भाऊ स्वतः करतो. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा.

सध्या भांडण तांब्यावरून आहे. पंचवीस ते पन्नास किलोच्या डुकराची गरज किलो खाद्याला जेमतेम ४ मिलिग्रॅम, पण १२५ ते २५० दिलं की लहान जनावरं वेगानं वाढतात, हे खरं आहे. लेंडीही काळी पडते, आणि काळी लेंडी म्हणजे पचन उत्तम असा समज घट्ट बसलाय. मोठ्या जनावरांत त्या जादा तांब्याचा फायदा फारसा उरत नाही. बहुतेक सगळं शेणाबरोबर शेतात जातं आणि तिथेच साठतं. युरोपीय संघानं दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांनंतर तांब्याची मर्यादा २५ मिलिग्रॅमवर आणली आहे. आम्हीही शेवटच्या टप्प्याच्या मिश्रणातून जादा तांबं काढलं. दोन ग्राहकांनी लेंडी फिकट झाली म्हणून फोन केले, मी समजावलं, त्यांनी दुसरीकडून माल घेतला. ते अजून परत आलेले नाहीत.