दोन निळ्या टिका

सकाळी जवळच्या मैत्रिणीला मेसेज केला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तासाभरात मी मनातल्या मनात अख्खा खटला चालवला. ती रागावली, परवा माझंच काहीतरी चुकलं, आता ती मला टाळणार. छातीत धडधड, कामात तीच ओळ चार वेळा वाचली. धाकट्यावर उगाच खेकसले, त्याचं फार वाईट वाटतंय.

१९६० च्या दशकात आरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच टिपलं होतं: प्रसंग आणि भावना यांच्या मधे एक विचार झर्रकन येऊन जातो, आणि आपण तो खराच धरून चालतो. त्यातूनच पुढे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे असे विचार तपासून बघायला शिकवणारी उपचारपद्धती, उभी राहिली. (खऱ्या आजारात नुसतं 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं मला निर्दय वाटतं. तिथे डॉक्टरच हवेत.)

दुपारी कागद घेतला. डावीकडे लिहिलं, 'ती रागावली आहे.' उजवीकडे पुरावे. उजवी बाजू कोरीच राहिली. बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत होते.

संध्याकाळी तिचा फोन आला. आईला घेऊन दिवसभर दवाखान्यात होती. आधी काकूंची चौकशी केली. मग फोन ठेवला आणि धाकट्याच्या शेजारी जाऊन बसले.