तिसरी पाळी

परवा आमच्या प्लांटमधली एक इंजिनिअर केबिनमध्ये आली. तीन वर्षं झालीत तिला लागून. म्हणाली, "मॅडम, मला क्वालिटी डिपार्टमेंटला घेतायत. जाऊ का?" मी विचारलं, "तिसरी पाळी किती वेळा केलीस?" "एकदाही नाही." तिसरी म्हणजे रात्रपाळी. मग मी तिला बसवलं आणि चहा सांगितला.

1997 मध्ये सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मी भोसरीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, घासून मापात आणायची लाइन. माझ्याबरोबरची मुलं तिन्ही पाळ्या फिरायची, मी कायम जनरलला, म्हणजे दिवसाच्या पाळीला. लेडीज टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत, आणि संध्याकाळी सहाला त्याला कुलूप. शिवाय कायदाच तसा होता. 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टचं कलम 66: बाईनं कारखान्यात काम करायचं ते सकाळी 6 ते संध्याकाळी 7. राज्य सरकारला या वेळा थोड्या पुढेमागे करता यायच्या, पण मासळी टिकवण्याचे कारखाने सोडले तर रात्री 10 ते पहाटे 5 कुणालाच सूट नाही. सुपरवायझर-मॅनेजरांना कामाच्या तासांच्या इतर नियमांतून वगळता यायचं, या एका नियमातून नाही. इंजिनिअर असा नाहीतर हेल्पर, बाई असाल तर रात्री गेटबाहेर.

ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर मशीनवर राबून थकलेली बाई असणार, आणि तिची काळजी खोटी नव्हती. पण कारखान्यात माणूस तयार होतो तो रात्री. दोन वाजता मशीन बसलं की साहेब झोपलेले, स्टोअरला कुलूप, मेंटेनन्सचा एकच माणूस, आणि सकाळी सहाला गाडी भरायची असते. काय करायचं ते शिफ्ट इनचार्ज ठरवतो. अशा शे-दोनशे रात्री ज्याच्या गाठीशी असतात त्याला पुढे प्रॉडक्शन मिळतं, मग प्लांट मिळतो. मला दोन वर्षांत क्वालिटीत हलवलं. "तुमच्या दृष्टीनं बरंय, वेळेवर घरी जाल." अकरा वर्षं मी रिपोर्ट केले, ऑडिट सांभाळली, आणि प्रॉडक्शन मॅनेजरच्या मुलाखतीत ऐकलं की शॉप फ्लोअरचा अनुभव कमी पडतोय. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. ज्या अनुभवाला मला हात लावू दिला नाही, तोच माझ्यात कमी म्हणून मोजला गेला.

2000 मध्ये मद्रास हायकोर्टानं रात्रपाळीची ही बंदी घटनाबाह्य ठरवली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती झाली 2015 मध्ये, सुरक्षितता आणि ने-आण यांच्या अटी घालून. पुढच्या वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, मी दुसऱ्या कंपनीत स्वतःहून तिसरी पाळी मागून घेतली. मुलगी दहावीला होती. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. डबा मी बघते."

तिसऱ्याच रात्री, अडीचच्या सुमाराला, जर्नलची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाची, मापं हलायला लागली. मशीनवर बरोबर, आणि अर्ध्या तासानं पुन्हा गेज लावला की आठ-दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. ऑपरेटरनं घासायचं व्हील दोनदा ड्रेस केलं, म्हणजे त्याला नव्यानं धार काढली, फरक नाही. आमचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, ज्यांना सगळे मामाच म्हणायचे, त्यांनी मला टाकीजवळ नेलं. "मॅडम, हात घाला." कूलंट, म्हणजे जॉब घासताना वर सोडायचं थंड पाणी, चहासारखं कोमट होतं. ते थंड ठेवणारा चिलर बंद पडलेला, कुणाच्या लक्षात नाही. जॉब गरम असताना मापात बसत होता आणि थंड झाला की आखडत होता. मी लाइन थांबवली, त्रेचाळीस क्रँक बाजूला काढून लाल टॅग लावले आणि डिस्पॅचला फोन केला की गाडी कमी भरून जाईल. सकाळी हँडओव्हर रजिस्टरमध्ये ते सगळं माझ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली. क्वालिटीच्या अकरा वर्षांत मी हजारो सह्या केल्या असतील, पण आधी निर्णय माझा आणि मग सही, असं पहिल्यांदाच घडलं.

बायोकेमिस्ट कमलाबाई सोहोनींची गोष्ट आपण मुलींना सांगतो ती बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या प्रवेशाची: 1933 मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. पण केंब्रिजची पीएचडी असूनही मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांना उशिराच मिळालं. ही दुसरी गोष्टसुद्धा सांगायला हवी असं मला फार वाटतं. दार उघडल्याचं आपण पाठ केलंय, मधल्या पायऱ्यांचं कुणी बोलत नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, माझा मुलगा दीड वर्षाचा आहे."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. माझी मुलगी लहान होती तेव्हा मला रात्रपाळी मिळाली असती तरी मी केली असती का, सांगता येत नाही. दोन दिवस विचार केला. पुढच्या महिन्याच्या रोस्टरला तिसऱ्या पाळीत तिचं नाव घातलेलं नाही, पण तिची बदलीही थांबवली. सध्या ती लाइनवरच राहील, पहिली आणि दुसरी करेल. दोन वर्षांनी तिनं तिसरी मागितली तर ती तिला मिळेल, आणि तोवरची रात्रपाळी नाही म्हणून तिचं प्रमोशन अडणार नाही, असं मी एचआरला लेखी कळवलंय. त्या मेलमध्ये तिलाही सीसीत ठेवलंय, मी उद्या या खुर्चीत नसले तरी कागद तिच्याकडे असावा.