पावसाळ्यातील स्नूकर टेबल: ट्रँगल, गुलाबी चेंडू आणि मधली फट

या पावसाळ्यात माझ्या सरावाचा मोठा भाग फटक्यांऐवजी फ्रेमपूर्वीच्या (म्हणजे एका डावापूर्वीच्या) मांडणीवर खर्च होत आहे, आणि रत्नागिरीतल्या दमट हवेत खेळणाऱ्या प्रत्येकाने तसा तो करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. मांडणी सैल असेल तर ब्रेक (फ्रेमचा पहिला फटका) चुकण्यामागे आपला फटका होता की टेबल, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

रंगीत चेंडूंच्या जागांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बॉक म्हणजे टेबलाचे खेळ सुरू होणारे टोक; तिथली बॉक रेषा खालच्या कुशनपासून (टेबलाच्या रबरी कडेपासून) २९ इंचांवर असते. तिच्यावर, बॉककडून पाहिल्यास, ‘डी’च्या (रेषेवरच्या अर्धवर्तुळाच्या) उजव्या टोकाला पिवळा, डाव्या टोकाला हिरवा आणि मध्ये तपकिरी बसतो. निळा टेबलाच्या मध्यबिंदूवर, गुलाबी त्या मध्यबिंदूच्या आणि वरच्या कुशनच्या बरोबर मधोमध, तर काळा वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर येतो.

खरी कसोटी १५ रेडची, म्हणजे लाल चेंडूंची आहे. नियमानुसार टोकाचा रेड गुलाबीला न टेकता त्याच्या शक्य तितका जवळ असावा लागतो आणि शेवटची रांग वरच्या कुशनला समांतर असावी लागते. आता मी ट्रँगल (रेड मांडायची त्रिकोणी चौकट) गुलाबीच्या थोडा मागे भरतो, मागच्या रांगेला बोटांनी दाब देत तो हळूहळू पुढे सरकवतो, आणि चेंडू एकमेकांना भिडल्याची खात्री झाल्यावरच सरळ वर उचलतो. त्यानंतर टेबलाच्या कडेला वाकून, डोळे चेंडूंच्या उंचीवर आणून, गुलाबी आणि पहिला रेड यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो का, हे पाहतो. उजेडाची बारीक रेघ दिसली की फट योग्य आहे. एखादा कागद सहज आत जाऊन हलू लागला, तर ती जास्त आहे.

ट्रँगल तिरका बसला आहे का, हे तपासण्याची एक पद्धत मला विशेष उपयोगी पडली. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रांगेतला मधला रेड टेबलाच्या मध्यरेषेवरच येतो. त्यामुळे काळ्याच्या मागे उभे राहून निळ्याच्या दिशेने पाहिले की काळा, हे तीन रेड, गुलाबी आणि निळा एका ओळीत दिसायला हवेत. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर धरून हिशेब केला, तर शेवटची रांग साधारण २६ सेंटिमीटर रुंद होते, आणि काळा व ती रांग यांच्यामध्ये सुमारे २८ सेंटिमीटर मोकळी जागा उरते. हा आकडा मनात ठेवला की पुढे-मागे झालेला ट्रँगल नजरेलाच खटकतो.

नेहमीच्या ब्रेकमध्ये पांढरा चेंडू मागच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या रेडला बारीक लागून कुशनवरून बॉककडे परततो. रेड घट्ट असतील तर धक्का चेंडूंच्या साखळीतून पुढे जातो आणि पॅक (रेडचा गठ्ठा) कमी-अधिक त्याच रीतीने उघडतो. मध्ये एखादी फट राहिली, तर प्रत्येक फ्रेमला वेगळाच निकाल मिळतो.

आता कोकणातली अडचण. आषाढापासून कापड ओलसर होते आणि टेबल जड चालते, म्हणजे चेंडू मंद धावतात. मोठ्या स्पर्धांमध्ये टेबलाला खालून उष्णता देतात; आपल्याकडच्या क्लबात ती सोय क्वचितच असते. म्हणून खोली कोरडी ठेवणे, खेळापूर्वी बॉकपासून काळ्याच्या दिशेनेच ब्रश मारणे आणि प्रत्येक चेंडू कोरड्या सुती फडक्याने पुसणे, एवढे मी न चुकता करतो. चेंडूंना चिकटलेला क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकाचा दमट खडू टक्कर बिघडवतो, आणि तोच ट्रँगलमधल्या चेंडूंच्या मध्येही राहतो.

१८७५ मध्ये जबलपुरात नेव्हिल चेंबरलेन यांनी या खेळाला आकार दिला, तोही पावसाळ्यातल्या रिकाम्या वेळात, असे सांगतात. कोकणातल्या आपल्या सरावालाही हाच ऋतू लाभला आहे.

पुढील काम खिशात गेलेले रंगीत चेंडू परत टेबलावर ठेवण्याचे आहे. चेंडूची स्वतःची जागा अडलेली असेल तर तो सर्वाधिक गुणांच्या मोकळ्या जागेवर ठेवायचा. सर्वच जागा अडलेल्या असतील तर स्वतःच्या जागेच्या शक्य तितका जवळ, तिथून वरच्या कुशनकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर आणि कोणत्याही चेंडूला न टेकता. गुलाबीभोवती रेड पसरलेले असताना ही रेषा नजरेने अचूक धरणे मला अजून सावकाशच जमते, म्हणून सध्या रेड मुद्दाम त्या परिसरात विखरून हाच सराव चालू आहे.